दिवाणखान्यातली पेटी

काही वस्तू फार थोडं आयुष्य घेऊन येतात आणि गेल्या की त्यांचं नावही निघत नाही. साधारण २००२ ते २०१५ या बारा-तेरा वर्षांत अमेरिका, तैवान, कोरिया आणि युरोपातल्या काही कंपन्यांनी अशीच एक वस्तू घडवली. ती होती एक रिकामी पेटी. काळी किंवा चंदेरी, अ‍ॅल्युमिनियमची नाहीतर पत्र्याची, आडवी. घेणाऱ्यानं तिच्यात आपल्या हातानं संगणकाचे भाग बसवायचे आणि ती बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली ठेवायची. पेटीची मुख्य अट एकच होती. आत संगणक आहे हे पाहुण्याला कळता कामा नये. या पेटीला होम थिएटर पीसीची केस म्हणत. सिनेमे, गाणी, फोटो, टीव्हीवरून टिपून ठेवलेले कार्यक्रम, सगळं तिच्या पोटात.

मी कविता लिहिणारा माणूस. मला या पत्र्याच्या पेटीचं काय पडलंय, असं कुणी विचारील. पण आमचा निम्मा धंदा आकाराचाच असतो. गझलेचा रदीफ आणि काफिया ठरला की मजकुराला किती जागा उरते, कुठं हवा खेळते आणि कुठं शब्द गुदमरतो, हे आम्हाला चांगलं माहीत असतं. त्याच नजरेनं या पेटीकडे पाहायचं आहे. आणि पेटी चांगली की वाईट हे सांगायचं तर तिच्या आधीच्या पेट्यांची हकिगत सांगावी लागेल.

ती हकिगत सव्वाशे वर्षं मागे जाते. ग्रामोफोन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पितळी कर्णा येतो आणि त्यात कान लावून बसलेला कुत्रा येतो. पण ज्यांच्या घरात हे यंत्र खरंच होतं त्यांना तो कर्णा नकोसा व्हायचा. त्यावर धूळ बसे, येता-जाता धक्का लागे आणि सजवलेल्या खोलीत तो एखाद्या दुकानातून उचलून आणल्यासारखा दिसे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅमडेन गावी व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी होती. तिचे मालक एल्ड्रिज जॉन्सन यांनी १९०६ साली व्हिक्ट्रोला नावाचं यंत्र बाजारात आणलं. कर्णा उलटा, तोंड खाली करून, एका उभ्या लाकडी कपाटात बसवलेला. वर झाकण, झाकणाखाली तबकडी आणि पुढे दोन छोटी दारं. किंमत २०० डॉलर, म्हणजे त्या काळच्या साध्या माणसाला हात लावता येऊ नये अशी. तरी ते यंत्र धडाक्यानं खपलं आणि काही वर्षांतच घरोघरचा कर्णा मागे पडला.

यात मला आवडतो तो त्या दोन दारांचा भाग. त्या यंत्रात वीज नव्हती, आवाज कमी-जास्त करायला खुंटी नव्हती. मग काय करायचं? दारं सताड उघडी ठेवली की आवाज मोठा, किलकिली केली की बारीक, बंद केली की शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. म्हणजे जे कपाट यंत्र लपवण्यासाठी आलं तेच यंत्राचा एक अवयव होऊन बसलं. पेटीची पारख करताना मी मनात हाच दाखला ठेवतो. लपवणं ठीक आहे, पण लपवता लपवता ती काही काम करते का?

पुढे रेडिओ आला. सुरुवातीचे रेडिओ घरातल्या फर्निचरची सोंगं घेऊन आले, कुणी कपाट झालं, कुणी देव्हाऱ्यासारखं कमानदार. मग इंग्लंडात दोन वेगळे प्रयोग झाले. मर्फी कंपनीनं १९३० च्या सुमारास आपल्या रेडिओच्या पेट्या गॉर्डन रसेल यांच्या फर्निचरच्या कारखान्यात करून घ्यायला सुरुवात केली. गॉर्डन यांचे धाकटे भाऊ डिक रसेल त्या पेट्या रेखाटायचे. नक्षी नाही, खोट्या कमानी नाहीत. चांगलं लाकूड, सरळ रेषा आणि आवाज जिथून येतो तिथं जाळी. त्याच मर्फीचा रेडिओ पुढे आपल्याकडे, बाळाच्या चित्रासह, घरोघर पोचला. दुसरा प्रयोग एक्को कंपनीचा. १९३४ साली वेल्स कोट्स या वास्तुकारानं तिच्यासाठी बेकेलाइटचा चक्क गोल रेडिओ केला. कर्णा गोल, म्हणून जाळी गोल, म्हणून अख्खी पेटीच गोल, आणि स्टेशनांची तबकडी तिला वरून अर्धचंद्रासारखी बिलगलेली. लाकूड कापून गोल पेटी करणं जिकिरीचं, पण साच्यात ओतायच्या बेकेलाइटला गोल काय आणि चौकोनी काय. नवीन पदार्थ हाती आला तेव्हा त्याला जुन्याची नक्कल करायला न लावणारा हा माणूस मला मोठा वाटतो.

आपल्या घरांत मात्र या पेट्यांवर आपण आपला संसार मांडला. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ भिंतीतल्या फळीवर असे आणि त्याला आईनं शिवलेला गिलाफ होता. शेजारच्या घरात क्रोशानं विणलेला रुमाल, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. ज्या वस्तूला मान, तिला वस्त्र, असा साधा हिशेब. पण व्हॉल्व्हचा रेडिओ तापतो. आत चाळीस-पन्नास वॉटचा दिवा लागल्यासारखी ऊब असते. म्हणून त्याची पाठ भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची असायची आणि तो भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा असं दुकानदार बजावून सांगायचा. ती चार बोटं आणि तो गिलाफ यांचं भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं. आपण जिच्याबद्दल बोलतो आहोत त्या पेटीतही तेच भांडण आहे, फक्त अंग बदललेलं.

जर्मनीत १९५६ साली ब्राउन कंपनीनं एसके-४ नावाचा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र केला. रचना हान्स गुगेलोट आणि तेव्हा अगदी तरुण असलेले डीटर राम्स यांची. पांढऱ्या पत्र्याचं अंग, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या, आणि वर आरपार दिसणारं प्लेक्सिग्लासचं झाकण. झाकण आधी पत्र्याचं करायचं होतं, पण आवाज वाढला की ते थरथरायचं. म्हणून पारदर्शक झाकण आलं. लोकांनी थट्टेनं त्याला हिमगौरीची शवपेटी म्हटलं. थट्टा टिकली आणि झाकणही टिकलं, पुढच्या काही दशकांत जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरवर तसलंच झाकण आलं. व्हिक्ट्रोलानं पन्नास वर्षांपूर्वी जे लपवलं होतं ते इथं पुन्हा उघड झालं, आणि पाहणाऱ्यांना ते सुंदर वाटलं.

टीव्हीबद्दल फार बोलत नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि नंतरच्या वर्षांत आपल्याकडे जे कृष्णधवल संच आले त्यांतल्या अनेकांना लाकडी सरकतं शटर असे, कुलपासकट. ‘छायागीत’ संपलं की शटर ओढायचं. ज्यांचं बालपण त्या काळात गेलं त्यांना त्या शटरचा खर्र असा आवाज अजून ओळखता येईल. मुलांच्या अभ्यासासाठी ते कुलूप किती उपयोगी पडलं, हे मी इथं सांगत नाही.

आता संगणकाकडे येऊ. रेडिओ-टीव्ही घरात पुढच्या दारानं आले, पाहुण्यांसारखे. संगणक आला तो कचेरीतून. १९८१ साली आयबीएमनं आपला पीसी काढला. फिकट मळकट रंगाची, टेबलावर कागदपत्रांच्या शेजारी बसायची पेटी. पुढे ती उभी झाली, टेबलाखाली गेली, पण तिचा चेहरा कारकुनीच राहिला. घरात तिला जागा मिळाली ती मुलांच्या खोलीत नाहीतर पॅसेजमध्ये. बैठकीच्या खोलीत तिला बसवायचा मोठा प्रयत्न १९९६ साली अमेरिकेतल्या गेटवे कंपनीनं केला. डेस्टिनेशन या नावानं त्यांनी ३१ इंची पडदा, बिनतारी कीबोर्ड आणि संगणक असा एकत्र संच काढला. तो महाग होता, अवजड होता, आणि सोफ्यावर बसून माउस फिरवायचा म्हणजे जेवणाच्या ताटात शाई सांडल्यासारखं काहीतरी चुकीचं वाटायचं. चालला नाही.

खरा दरवाजा उघडला २००२ च्या अखेरीस. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर नावाची आवृत्ती आणली. सोबत टीव्हीसारखा रिमोट, त्यावर एक हिरवं बटण. ते दाबलं की पडद्यावरची सगळी बारीक अक्षरं जाऊन मोठी, दहा फुटांवरून वाचता येतील अशी अक्षरं यायची. संगणक दोन फुटांवरून वापरायचा असतो, टीव्ही दहा फुटांवरून. हे अंतर बदललं की सगळंच बदलतं. अक्षरांचा आकार बदलतो, हातात काय धरायचं ते बदलतं आणि पेटी कशी असावी तेही बदलतं. दोन फुटांवर पंख्याची घरघर कामाच्या नादात लक्षात येत नाही. दहा फुटांवर, सिनेमातला नायक गप्प झाल्यावर, तीच घरघर खोलीभर भरून राहते.

इथून पेटीवाल्यांचं काम सुरू झालं. पहिली गोष्ट रुंदीची. जवळजवळ सगळ्या चांगल्या पेट्या ४३-४४ सेंटिमीटर रुंद होत्या. हा आकडा आला कुठून? घरातल्या अ‍ॅम्प्लिफायर, ट्यूनर, कॅसेट डेकची रुंदी १९७० च्या दशकात तेवढी ठरून गेली होती. आणि त्यांनी ती घेतली होती १९ इंची रॅकवरून, जो अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीनं १९२० च्या दशकात आपल्या उपकरणांसाठी रुळवला. रॅकला अडकवायचे दोन्ही बाजूंचे कान काढले की उरतात सतरा इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर. अशा रीतीनं टेलिफोन केंद्रातल्या लोखंडी चौकटीचं माप एका सिनेमाप्रेमी माणसाच्या शोकेसमध्ये येऊन बसलं. अ‍ॅम्प्लिफायरवर ही पेटी ठेवली की दोघांच्या कडा जुळतात आणि संगणक उपरा वाटत नाही. सिल्व्हरस्टोन ही तैवानची कंपनी २००३ साली निघाली आणि तिनं या पेट्यांची एक मालिका केली, नाव लास्काला. मिलानच्या ऑपेरागृहाचं नाव पत्र्याच्या पेटीला. पण निदान तोंड संगीताकडे होतं.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि खरी परीक्षा तिथं होती. दिसायला पेटी जितकी चपटी तितकी देखणी. पण २००४-०५ मध्ये इंटेलचा जो पेन्टियम ४ मिळत होता, त्याच्या काही जाती एकट्याच शंभर वॉटच्या वर उष्णता सोडत. आठवून पाहा, जुना शंभरचा पिवळा बल्ब तासभर लागल्यावर त्याला हात लावता येत नसे. तो बल्ब पत्र्याच्या डब्यात बंद करून डबा लाकडी शोकेसमध्ये सरकवायचा, असा हा प्रकार. हवा खेळवावी लागणार, म्हणजे पंखा आला.

पंख्याचं गणित सोपं आहे आणि फार न्यायी आहे. त्याच वेगानं फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा तिपटीहून जास्त हवा लोटतो. उलट लहान पंख्याचा वेग दुप्पट केला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो, आणि आपल्या कानाला १० डेसिबलची वाढ म्हणजे आवाज दुप्पट झाल्यासारखी वाटते. तेव्हा शांतता हवी असेल तर पंखा मोठा घ्या आणि सावकाश फिरवा. पण १२० मिलिमीटरचा पंखा बाजूच्या भिंतीवर उभा करायचा तर पेटी किमान १३-१४ सेंटिमीटर उंच हवी. ज्यांनी सहा-सात सेंटिमीटरची नाजूक पेटी केली त्यांना छोटे, किंचाळणारे पंखे बसवावे लागले. शिवाय त्यांत पूर्ण उंचीची कार्डं बसत नसत, अर्ध्या उंचीची शोधत फिरावं लागे. फोटोत त्या पेट्या फार सुरेख दिसायच्या.

तिसरी गोष्ट हार्ड डिस्कची. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. त्यातून १२० हर्ट्झचा एक बारीक सलग सूर निघतो, खालच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या षड्जाच्या आसपासचा. नुसत्या डिस्कला तो फारसा ऐकू येत नाही. पण डिस्क स्क्रूनं घट्ट पत्र्याला बांधली, पत्रा लाकडी शोकेसवर ठेवला, की शोकेसचं लाकूड तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं तो सूर उचलून मोठा करतं. तंबोरा सुरात असतो तेव्हा त्याचं कौतुक. सिनेमा चालू असताना कोपऱ्यातून अखंड षड्ज नको असतो. यावर उपाय रबरी चकत्यांचा, डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये. दोन-चार रुपयांची वस्तू. तरी ती न घालणाऱ्या महागड्या पेट्या होत्या.

या सगळ्यांत एक पेटी मला नीट विचार करून केलेली वाटते. कॅलिफोर्नियातल्या अँटेक कंपनीची फ्युजन, २००६ च्या सुमाराची. बाहेरून ती अ‍ॅम्प्लिफायरसारखीच, १४ सेंटिमीटरच्या आसपास उंच. तिचं मर्म आत आहे. आतली जागा भिंती घालून तीन कप्प्यांत वाटलेली. एका कप्प्यात वीजपुरवठ्याचा डबा, दुसऱ्यात डिस्का, तिसऱ्यात मुख्य बोर्ड. जुन्या वाड्यात स्वयंपाकघर वेगळं, माजघर वेगळं आणि न्हाणीघर मागच्या अंगाला असे, त्यामुळे चुलीचा धूर झोपायच्या खोलीत येत नसे. तोच न्याय. वीजपुरवठ्याची ऊब डिस्कांना लागत नाही. मुख्य कप्प्याच्या बाजूच्या भिंतीवर १२० मिलिमीटरचे दोन पंखे शेजारी शेजारी, प्रत्येकाला तीन वेगांची कळ. डिस्कांखाली रबर आहेच. पेटी आखणाऱ्यानं आधी हवा कुठून कुठं जाईल हे ठरवलं आणि मग पत्रा कापला, असं तिच्याकडे पाहून वाटतं. बऱ्याच पेट्यांत उलटा क्रम असतो.

आता तिच्या तोंडाकडे पाहू. पुढच्या बाजूला एक निळसर चमकणारी पट्टी होती, तिच्यावर चालू गाण्याचं नाव सरकत जायचं. आणि उजवीकडे एक गोल, जाड खुंटी, आवाज कमी-जास्त करायला. ही खुंटी खरं तर सोंग आहे. जुन्या रेडिओचा कान पिळला की आत खरोखर एक तार एका पट्टीवर सरकायची. शेवट आला की खुंटी अडायची. ही नवी खुंटी कुठंच अडत नाही, गोल गोल फिरत राहते आणि प्रत्येक टप्प्याला संगणकाला निरोप धाडते की आवाज एक पायरी वाढव. निरोप पोचवणारा प्रोग्रॅम बंद असेल तर कितीही पिळा. हे सगळं मान्य करूनही मला ती खुंटी हवीशी वाटते. रिमोट उशांखाली हरवतो, त्याचे सेल संपतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आवाज मोठा करायचा असतो. त्याला हात कुठं न्यायचा हे सत्तर वर्षांच्या सवयीनं माहीत असतं. व्हिक्ट्रोलाच्या दारांशी या खुंटीचं नातं आहे. चमकत्या पट्टीचं मात्र मला काही कळलं नाही. समोर चाळीस इंची पडदा असताना गाण्याचं नाव खाली दोन बोटांच्या पट्टीत कशाला? अंधारात सिनेमा पाहताना ती डोळ्यांत खुपते, म्हणून बऱ्याच जणांनी ती बंद करून टाकली.

दोषही सांगायला हवेत. बाजूच्या भिंतीतून गरम हवा बाहेर टाकायची तर बाजूला मोकळी जागा हवी. आणि टीव्हीखालचं शोकेस पेटीला घट्ट धरील अशा मापाचं असतं. रेडिओच्या पाठीमागची चार बोटं इथं कुशीला आली, एवढाच फरक. दुसरं म्हणजे धूळ. या पेट्या गालिचे आणि बंद खिडक्यांच्या घरांसाठी झालेल्या. आपल्या पठारावरच्या उघड्या खिडकीच्या घरात त्या ठेवल्या तर सहा महिन्यांत आत लोकरीचा थर. अनेक पेट्यांना हवा आत घ्यायच्या तोंडाशी काढून धुता येईल अशी जाळी नव्हती. आपल्या बाजारात असल्या पेट्या क्वचितच दिसल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणक जोडून घेणारे आपले लोक सरळ उभा टॉवर घेत आणि टीव्हीच्या मागे दडवत. धुळीचा प्रश्न त्यांनी दर दिवाळीला उलटा व्हॅक्यूम लावून सोडवला.

या काळातला एक शब्दप्रयोग मला सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या ध्वनियंत्रांच्या मासिकांत १९८० च्या दशकापासून ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ असा शब्द रुळला होता. म्हणजे बायकोला ही वस्तू घरात चालेल का याचं माप. या पेट्यांची परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तो मनसोक्त वापरला. त्यात गृहीत असं की पुरुषाला यंत्र हवं असतं आणि बाईला फक्त त्याचं दिसणं खटकतं. मला यात मोठी लबाडी वाटते. त्या घरात दिवसभर जी वावरायची तिला पंख्याची घरघर, उन्हाळ्यातली जास्तीची ऊब, चमकणारे दिवे आणि मागे लोंबणाऱ्या सोळा वायरी यांचा त्रास व्हायचा. तिच्या तक्रारी यंत्राच्या रचनेविषयीच्या होत्या आणि बहुतेक बरोबर होत्या. वायरींच्या जंजाळात केरसुणी घालून पाहिलेल्या माणसालाच पेटीच्या पाठीविषयी बोलायचा अधिकार. परीक्षण लिहिणारे पाठीचा फोटो छापायचे तोही वायरी जोडण्याआधीचा.

पंखाच नको, असं म्हणणारेही निघाले. कोरियाच्या झालमन कंपनीनं २००४ च्या सुमारास बिनपंख्याची एक अवजड पेटी काढली, जिचं सगळं अंगच उष्णता पसरवणारं होतं. नंतर २०१० साली हॉलंडमध्ये निघालेल्या स्ट्रीकॉम कंपनीनं हे काम नजाकतीनं केलं. तांब्याच्या नळ्या प्रोसेसरची उष्णता उचलून पेटीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीपर्यंत नेतात, भिंतीला बाहेरून पन्हळी असतात, आणि खोलीतली हवा त्या पन्हळींतून आपोआप वर जाते. इथं पेटी पुन्हा यंत्राचा अवयव झाली. तिला हात लावला तर कोमट लागते, ऐकलं तर काही ऐकू येत नाही. माझ्या मते या सबंध कुळातली ही सगळ्यात सरस रचना. पण ती हाती आली तेव्हा मैफल उठत आलेली होती.

उठली ती दोन बाजूंनी. एक म्हणजे उष्णताच कमी झाली. २००६ साली इंटेलचे जे कोअर २ ड्युओ आले त्यांतले बरेचसे ६५ वॉटचे होते. इंटेलनं काही वर्षांनी एनयूसी नावाचे तळहाताएवढे संगणक आणले, त्यांतल्या सुरुवातीच्या एका जातीचा प्रोसेसर १७ वॉटचा. शंभर वॉटसाठी बांधलेला वाडा सतरा वॉटला कशाला हवा? दुसरी बाजू मजकुराची. नेटफ्लिक्सनं २००७ च्या जानेवारीत इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. अ‍ॅपल टीव्ही त्याच वर्षीचा. २०१३ साली गूगलनं ३५ डॉलरचं क्रोमकास्ट काढलं. अंगठ्याएवढं, टीव्हीच्या पाठीमागे लटकणारं. त्याला पेटीच नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्यातून मीडिया सेंटर काढून टाकलं आणि हिरव्या बटणाचं काम संपलं. स्वयंसेवकांनी चालवलेला कोडी नावाचा प्रोग्रॅम, जो आधी एक्सबीएमसी म्हणून ओळखला जायचा, तो मात्र टिकून राहिला.

पेटी गेली याचं मला तितकं वाईट वाटत नाही. पण तिच्यात जे होतं ते घरातलं होतं. ते कुणाच्या मर्जीनं रोज रात्री खिडकीतून आत येत नव्हतं. आज भाड्याच्या वाहिनीवर दिसणारा सिनेमा करार संपला की यादीतून जातो. आपल्याला कळतही नाही, कधी शोधला तर सापडत नाही एवढंच. आणि जे कधी कुठल्या यादीत नव्हतंच, त्याचं काय?

सोलापूरच्या बाजूला माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांनी वीसेक वर्षांत गावोगावच्या कविसंमेलनांच्या, मुशायऱ्यांच्या आणि उरुसातल्या कव्वाल्यांच्या दीडशेवर कॅसेट जमवल्या होत्या, स्वतः टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन टिपलेल्या. त्यांतले काही कवी आज हयात नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंही नाही. मी बोलतोय ती फ्युजन पेटी या गृहस्थांकडे आहे. अमेरिकेतल्या भाच्यानं ती २००८ साली सोबत आणली, आत साधा संगणक इथंच जोडून घेतला. मग त्यांनी एकेक कॅसेट लावून ती संगणकात उतरवली. यात घाई चालत नाही, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात आणि नव्वदच्या कॅसेटला नव्वद. फीत तुटली तर पारदर्शक चिकटपट्टीनं सांधायची. दोन पावसाळे गेले. त्या काळात त्यांच्या घरी बोललं तर हळू बोलावं लागे, कारण ते कान देऊन बसलेले असत की फीत कुठं अडखळते.

त्यांनी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून मुलीकडे ठेवली आहे. मूळ पेटीत डिस्क आजवर दोनदा बदलली, बोर्ड एकदा. निळी पट्टी कधीच विझली. खुंटीला निरोप पोचवणारा प्रोग्रॅम आता चालत नाही, त्यामुळे ती नुसती फिरते आणि नातवंडांच्या खेळायच्या कामी येते. मागच्या उन्हाळ्यात दोन पंख्यांपैकी एक घरघरू लागला. मी मुंबईत होतो, त्यांनी फोनवर माप सांगितलं, १२० मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्याच दुकानात मिळाला. त्यांनी जुना काढून तिथं तो लावला, आणि जुनेच चार स्क्रू त्याच चार भोकांत बसले.